उत्तर अप्राप्त

अर्ज लिहायला बसले की अर्जनवीस समोरच्या माणसाला आधी एकच गोष्ट विचारायचे. "तुमच्या घराचं दार कोणत्या अंगाला हाय?" माणूस आलेला असायचा फेरफाराची नोंद होत नाही म्हणून, नाहीतर रेशन कार्डातून आईचं नाव उडालं म्हणून. तो गोंधळायचा, उगवतीला म्हणायचा. मग दारात लिंब आहे की बाभळ, कुत्रं बांधलेलं असतं की मोकळं, असं विचारत विचारत ते त्याला त्याच्याच अंगणात नेऊन बसवायचे आणि तिथून गाऱ्हाणं काढायचे. बाकीचे लिहिणारे तेवढ्या वेळात तीन अर्ज संपवायचे. मी एकदा चिडून म्हणाले होते की काका, तहसीलदाराला लिंबाशी काय करायचंय? ते म्हणाले, त्याला काही करायचं नाही, पण माणूस आपल्या दारात उभा राहिल्याशिवाय खरं बोलत नाही.

बीडच्या कोर्टासमोर पत्र्याच्या शेडखाली आम्ही दहा-बाराजण बसतो. स्टॅम्पवाले, झेरॉक्सवाले, अर्ज लिहिणारे, आणि टायपिंगवाली मी. निजामाच्या काळापासून अर्ज लिहिणाऱ्याला इथे अर्जनवीस म्हणतात. गल्लीत तसे चौघे होते, पण नुसतं अर्जनवीस म्हटलं की तेच. नावानं त्यांना कुणी हाक मारल्याचं मला आठवत नाही. मी काका म्हणायची आणि ते, मी त्यांच्या मुलीएवढी असूनही, मला बाई म्हणायचे.

अर्जदाराला खुर्ची आणि स्वतःला पाट, असा त्यांचा नियम. लिहिणाऱ्यानं खाली बसावं म्हणायचे. चहा आला की अर्धा कप अर्जदाराला. खिशाला दोन पेनं, एक निळं आणि एक हिरवं. निळं अर्जाचं. हिरवं पुढे आलं, ते टीव्हीवरच्या मालिकेचे लेखक झाल्यावर.

ते लेखक कसे झाले तेही अर्जापायीच. मुंबईहून एक माणूस आला होता. ऊसतोड करणाऱ्या बाईवर मालिका काढायची होती, त्यासाठी इथली माणसं कशी बोलतात ते त्याला ऐकायचं होतं. तो दोन दिवस पाटाशेजारी बसला आणि काकांच्या जुन्या अर्जांच्या नकला वाचत राहिला. जाताना म्हणाला, काका, संवाद तुम्हीच लिहा. पुढे प्रसंगही तेच लिहू लागले. कागदावर हातानं लिहायचे, मी टाइप करायची आणि मेल करायची. मालिकेतल्या बाईचं नाव गोदा. ती कुठे जाणार, तिच्यावर काय गुदरणार, हे मात्र मुंबईत ठरायचं. चॅनेलची मॅडम फोनवर सांगायची आणि मी स्पीकर लावून काकांच्या पुढे धरायची. उसाचं पाचट अंगाला कसं कापतं हे जन्मात न पाहिलेली माणसं उंटावरून शेळ्या हाकायची आणि काका खाली मान घालून टिपून घ्यायचे. मला संताप यायचा. ते म्हणायचे, साहेब कोणताही असो, आपण आपला अर्ज नीट लिहावा.

मालिकेच्या इंटरनेटवरच्या पानावर लोक काय काय लिहितात हे त्यांना मीच दाखवलं. तेव्हा मोठी गंमत वाटली होती, आता वाटतं मोबाइल खिशातून काढला नसता तर बरं झालं असतं. त्यांच्याकडे साधा फोन होता. ते म्हणाले, छापून द्या. मी झेरॉक्सच्या वाया गेलेल्या कागदांच्या पाठीवर शंभरेक प्रतिक्रिया छापून दिल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी येऊन बघते तर प्रत्येक प्रतिक्रियेवर आवक क्रमांक पडलेला, शेजारी नवी कोरी वही, तिच्यात रकाने पाडलेले. आवक क्रमांक, अर्जदार, विषय, उत्तर दिल्याचा दिनांक. आणि खिशाला हिरवं पेन. हिरवी शाई मोठ्या अधिकाऱ्यानं वापरायची असते. मी म्हटलं, हे काय नवीन? ते लाजल्यासारखे हसले.

कुणीतरी लिहिलं होतं, या लेखकाला उसात गाडा. त्याला त्यांनी दिलेलं उत्तर मला पाठ आहे. "विषय: मला उसात गाडणेबाबत. महोदय, उपरोक्त विषयी नम्रपणे कळवण्यात येते की, चालू हंगाम संपत आला असून तेलगाव कारखान्याच्या परिसरात उभा ऊस शिल्लक नाही. सबब आपली विनंती पुढील हंगामापर्यंत प्रलंबित ठेवण्यात येत आहे. ठिकाण: बीड." खाली सही. मी हसून हसून टेबलावर डोकं टेकलं. ते हसत नव्हते. खरंच शिल्लक नाही म्हणाले, मी चौकशी केली.

पुण्याच्या एका मुलीनं विचारलं होतं की कोयता चालवणाऱ्या बाईच्या नखांना रंग कसा. तिला उत्तर गेलं, "आपली हरकत रास्त आहे. सदर बाब मी वरिष्ठांस तीन वेळा लेखी कळवली आहे. वरिष्ठांकडील उत्तर अप्राप्त." ही उत्तरं टाइप करायला त्यांची मनाई होती. उत्तराला हस्ताक्षर पाहिजे. मग मी कागदाचा फोटो काढून त्या त्या प्रतिक्रियेखाली टाकायची. दिवसाला वीस-पंचवीस. शिव्या देणाऱ्याला "महोदय" आणि स्तुती करणाऱ्यालाही "महोदय". स्तुतीला उत्तर लहान असायचं, "आपला अभिप्राय दप्तरी दाखल."

एकदा मी वैतागले. कोर्टात तारखांची गर्दी, माझ्यापुढे सोळा प्रतिज्ञापत्रं पडलेली, आणि हे कुणा टवाळाला दोन पानं उत्तर लिहून फोटो काढायला उभे. मी म्हणाले, पालथ्या घड्यावर पाणी ओतताय तुम्ही. ते पाटावरून उठून माझ्या टेबलाशी आले. असं कधी यायचे नाहीत.

"बाई, तीस वर्सं अर्ज लिवले मी. लोकायला सांगितलं उत्तर येतंय, वाट बगा. कुणालाच आलं न्हाई. आता अर्ज माझ्याकडं येतेत. मी का म्हून गप बसू?"

मी मोबाइल काढला आणि फोटो घेतला. त्यानंतर कधी कुरकुर केली नाही.

पण लोक ते लोकच. हिरवा काका म्हणून त्यांची उत्तरं सगळीकडे फिरायला लागली. काकांच्या हातचं उत्तर मिळावं म्हणून पोरं मुद्दाम घाण घाण लिहू लागली. बीडमधल्याच एका क्लासची चार-पाच मुलं दुकानाशी आली, काकांबरोबर फोटो काढले, आणि त्यांच्यातला एक हसत म्हणाला की तुमच्या आईवरून लिहिलं होतं ना, ते मीच. काकांनी त्याला खुर्चीत बसवलं, अर्धा चहा दिला आणि विचारलं की त्याचं गाऱ्हाणं नेमकं काय होतं, कारण ते त्यांना नीट कळलं नव्हतं. मुलानं चहा तसाच ठेवला आणि निघाला. चॅनेलच्या मॅडमचा फोन आला की उत्तरं चालू ठेवा, मालिकेला फायदा होतोय. काकांना वाटलं, वरिष्ठ खूश आहेत म्हणजे आता नखांचा रंग काढतील. इतका भोळा माणूस मी कोर्टासमोर तरी दुसरा पाहिला नाही.

मालिकेत गोदा आजारी पडली तेव्हा ती प्रतिक्रिया आली. ना पूर्णविराम, ना स्वल्पविराम. शेजारच्या कुणा मुलीकडून लिहून घेतलेली असावी. "दादा मी नेकनूरजवळची हाय चार सालं कारखान्याला गेलते पोटात दुखायचं मुकादम म्हनला पिशवी काढून टाक खाडे होतेत डाक्टर बी म्हनला काढ मी हो म्हनले तवा मी सव्वीसची होते गोदाला बी आता तेच सांगतेत तिला हो म्हनू देऊ नका"

आमच्याकडे गर्भाशयाला पिशवी म्हणतात. दर महिन्याचे ते चार दिवस आणि पोटदुखी यापायी उसाच्या कामावर खाडा पडू नये म्हणून ती काढून टाकलेल्या बायका आमच्या गल्लीत अर्ज लिहायला आलेल्या मी पाहिल्या आहेत. काकांनी त्यांचे अर्ज लिहिले होते. मॅडमला गोदाच्या आजारपणाची कल्पना काकांनीच दिली होती, त्याच अर्जांवरून.

त्या दिवशी त्यांनी एकाही प्रतिक्रियेला उत्तर दिलं नाही. छापलेला कागद मांडीवर ठेवून बसले. दुसऱ्या दिवशी हिरव्या पेनानं लिहून आणलं. "आपली विनंती मान्य करण्यात येत आहे. येत्या शुक्रवारच्या भागात गोदा ही डॉक्टर व मुकादम यांना स्पष्ट नकार देईल. ठिकाण: बीड." आणि सही, नेहमीपेक्षा मोठी.

मी कागद परत त्यांच्या हातात दिला. म्हणाले, काका, असं लिहू नका. तुमच्या हातात काय आहे? लिहायचंच असेल तर प्रयत्न करू असं लिहा, विचाराधीन आहे असं लिहा. ते शब्द तुम्हीच मला शिकवलेत.

"अर्जावर मान्य असं लिवलेलं मी आयुष्यात एकदा बी पाह्यलं न्हाई, बाई. एकदा तरी मला लिऊ द्या."

फोटो काढला आणि टाकला. तेव्हा हट्टानं नाही म्हटलं असतं तर, हा विचार मी आजवर किती वेळा केला असेल याला गणती नाही.

त्यांनी तो प्रसंग चार पानं लिहिला. मीच टाइप केला, म्हणून सांगते, तसं काही मी टीव्हीवर पाहिलेलं नाही. डॉक्टर बोलतो, मुकादम बोलतो, नवरा बोलतो, सासू बोलते. गोदा खाटेवर बसलेली. चार पानांत तिला एकच शब्द होता, अगदी शेवटी. "न्हाई." त्या शब्दापाशी आले तेव्हा माझी बोटं थांबली होती. मेल गेला. मॅडमचा दोन ओळींचा निरोप आला, सुंदर झालंय काका. ते दिवसभर गल्लीतल्या सगळ्यांना चहा पाजत होते.

शुक्रवारी संध्याकाळी सातला माझ्या दुकानातल्या छोट्या टीव्हीपुढे आम्ही सहा-सातजण जमलो. खाट होती, डॉक्टर होता, मुकादम होता. गोदानं हात जोडले, डोळ्यांतून पाणी काढलं आणि म्हणाली की माझ्या कुटुंबासाठी मी हा त्याग करीन. मागे सनईसारखं काहीतरी वाजलं. पुढच्या भागाच्या झलकेवरून कळलं, तो डॉक्टर तिचा लहानपणी हरवलेला भाऊ निघणार होता, आणि त्यासाठी तिला ऑपरेशनच्या टेबलावर नेणं भाग होतं. मुंबईत कुणीतरी बसून सगळं बदललं होतं. नावांच्या यादीत मात्र लेखक म्हणून काकांचंच नाव आलं.

स्टॅम्पवाल्यानं टीव्ही बंद केला. काकांनी पेनं खिशाला लावली, पाट उचलून भिंतीशी ठेवला आणि घरी गेले. मॅडमला मीच फोन केला आणि तोंडाला येईल ते बोलले. ती शांतपणे म्हणाली, तुमचं म्हणणं पोचलं.

पुढचे काही दिवस ते येत होते, निळ्या पेनानं अर्ज लिहीत होते. छापलेल्या प्रतिक्रिया मी त्यांच्यापुढे ठेवणं बंद केलं, त्यांनीही मागितल्या नाहीत. त्या बाईनं काही लिहिलं का, एवढं एकदा विचारलं. तिनं काहीच लिहिलं नव्हतं.

ती स्वतःच आली. नेकनूरच्या सकाळच्या एसटीनं. चाळिशीची, अंगानं वाळलेली, हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत घडी घातलेला कागद. अर्ज कोण लिहितं असं तिनं मला विचारलं आणि मी सवयीनं काकांकडे बोट दाखवलं. ती खुर्चीत बसली. काका पाटावर. तिनं कागद उलगडून त्यांच्या हातात दिला, आणि तो वाचून त्यांनी माझ्याकडे पाहिलं. कुणीतरी तिला मोबाइलवरून छापून दिलेलं काकांचंच उत्तर होतं ते. छपाईत हिरवी शाई काळी झाली होती, पण सही तीच.

तिनं सांगितलं ते असं. उत्तर आल्यावर तिनं वस्तीवरच्या सात-आठ बायकांना सांगितलं होतं. शुक्रवारी सगळ्या एका घरी बसल्या. सगळ्यांची पिशवी काढलेली. लेखी आलंय म्हणजे होणारच, असं तिनं त्यांना छातीठोक सांगितलं होतं. आता त्या तिला हसत नाहीत, काही बोलतही नाहीत, आणि तेच तिला सहन होत नाही. कागदावर ठिकाण बीड आहे, म्हणजे त्यांचं ऑफिस इथेच असणार, म्हणून ती तक्रार द्यायला आली होती. ज्यानं लिहून दिलं त्याच्याविरुद्ध.

मला वाटलं आता काका सांगतील. त्यांनी निळं पेन काढलं आणि विचारलं, "तुमच्या घराचं दार कोणत्या अंगाला हाय?"

"उगवतीला. पह्यलं सहा म्हयने कुलूप असायचं. आता मी कामाची ऱ्हायले न्हाई, म्हून उगडंच असतंय."

त्यांनी तिला पूर्ण अर्धा तास विचारलं. दारात काय आहे, ऑपरेशनला नेलं तेव्हा बरोबर कोण होतं, हो म्हणाली तेव्हा उभी होती की बसलेली. शेवटी विचारलं की मागणी काय लिहायची. तिनं आपला कागद परत घेऊन घडी घातली. मग म्हणाली, "मागनी काई न्हाई. तिला हो का म्हून म्हनू दिलं, एवढंच इचारा."

त्यांनी लिहायला घेतलं. "विषय: लेखी आश्वासन देऊन ते न पाळल्याबाबत." विरुद्ध पक्ष म्हणून त्यांनी आपलं नाव घातलं, वडिलांच्या नावासकट. मी आजवर हजारो अर्ज टाइप केलेत, इतका चांगला अर्ज एकही नाही. प्रत्येक वाक्य त्यांना लागत होतं आणि त्यांनी एकही शब्द बोथट केला नाही. मग रीतीप्रमाणे तिला वाचून दाखवला. तिनं एकेक अक्षर जोडत सही केली.

"उत्तर येईल ना?" तिनं विचारलं.

या प्रश्नाचं आमच्या गल्लीचं ठरलेलं उत्तर आहे. काका तीस वर्षं ते देत आले होते. त्यांनी पेनाला टोपण लावलं, काढलं, परत लावलं. ती त्यांच्याकडे पाहत होती. मला ते बघवेना.

"येतंय की," मी म्हणाले. "वाट बघा."

ती एसटी स्टँडकडे गेल्यावर मी त्यांच्यावर ओरडले. एवढं सगळं लिहिलंत, तेवढं सांगायला काय झालं होतं? ते म्हणाले, सांगितलं असतं तर तिनं मला माफ केलं असतं आणि अर्ज मागं घेतला असता. माफीनं मी सुटलो असतो. मग त्यांनी ती रकान्यांची वही काढली, अर्जाला पुढचा आवक क्रमांक दिला, अर्जदाराच्या रकान्यात तिचं नाव लिहिलं, विषय लिहिला. उत्तर दिल्याचा दिनांक हा रकाना कोरा ठेवून वही माझ्या टेबलावर ठेवली. हिरवं पेनही.

मालिकेचं काम त्यांनी सोडलं. त्यांचं नाव यादीत पुढेही काही महिने येत राहिलं. हिरवा काका कुठे गेला असं लोकांनी आठवडाभर विचारलं, मग त्यांना दुसरं काहीतरी हसायला मिळालं. ते गल्लीत बसायचे, पण अर्ज लिहून झाला की आता अर्जदाराला सांगायचे की उत्तर येणार नाही, तरी द्यायचा का? असं सांगणाऱ्याकडे कोण येईल? पुढे पुढे खुर्ची रिकामीच असायची आणि ते पाटावर. दार कोणत्या अंगाला हे त्यांनी शेवटी शेवटी मलाच विचारायला सुरुवात केली होती, आणि मी कामात असल्याचं दाखवून उत्तर देत नसे. याची मला लाज वाटते. दोन महिन्यांपूर्वी ते गेले.

वही माझ्या ड्रॉवरमध्ये आहे. मी उत्तर लिहायचा प्रयत्न केला नाही असं नाही. त्यांची भाषा मला तोंडपाठ आहे, अक्षरही काढता येतं. "महोदया, उपरोक्त विषयी" इथपर्यंत येते, पुढे काही सुचत नाही. तिला हो का म्हणू दिलं, याचं उत्तर काकांना आलं नाही ते मला काय येणार?

ती बाई अजून येते. दोन-तीन महिन्यांनी, बीडला दवाखान्याला आली की. मागच्या सोमवारी आली होती. पाटाच्या रिकाम्या जागेकडे पाहून तिनं बाबा कुठे आहेत विचारलं. मी सांगितलं. ती हळहळली. लई चांगला माणूस होता म्हणाली, माझं सगळं बैजवार ऐकून घेतलं त्यांनी, एवढं कुणीच ऐकलं नव्हतं. मग नेहमीसारखं विचारलं की आलं का. मी नाही म्हणाले, अजून नाही.

"येईल," तिनंच मला समजावलं. "पह्यल्या टायमाला तर दोन दिसात आलतं."